बिल वाढवून द्या

नणंदेने भावजयीकडे हिशेब मागणं यात नवीन काहीच नाही. पण आमच्याकडे ही नेमणूक भावजयीने स्वतः केली, तीही लेखी, तीन प्रतींत, सहीनिशी. वहिनी नगर परिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली आणि मी तिची खजिनदार झाले.

वहिनीचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच रांगेत चार दुकानं सोडून माझं औषधांचं. समोर सहा पदरी रस्ता, पलीकडे बसचा थांबा. पायी चालणाऱ्यांसाठी तिथला हिरवा दिवा अकरा सेकंद लागायचा. वहिनीची निम्मी गिऱ्हाइकं म्हातारी, कुणाचं मोतिबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असलेलं, कुणाचं नुकतंच झालेलं. त्यांना हाताला धरून रस्ता पार करून देणं हे तिच्या धंद्याचंच काम होऊन बसलं होतं. चार वर्षं ती अर्ज करत होती आणि चार वर्षं एकच उत्तर येत होतं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे.'

मग एक दिवस एक निवृत्त टायपिस्ट बाई नवा चष्मा घालून निघाल्या, अर्ध्या रस्त्यात दिवा बदलला, गडबडीत चष्मा खाली पडला आणि ट्रकखाली गेला. बाईंना खरचटलंसुद्धा नाही. त्या हसत हसत परत आल्या, "बघा, पाच मिनिटं तरी छान दिसलं!" वहिनी हसली नाही. तिने त्यांना दुसरा चष्मा करून दिला आणि संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी उभी राहणार आहे."

"बस की, खुर्ची आहे," अण्णा म्हणाला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा.

आमच्या शहरात उमेदवाराला दोन वाटा असतात. एक, प्रचारासाठी नगर परिषदेचे पैसे घ्यायचे. दुसरी, स्वतःच्या आणि लोकांनी दिलेल्या देणग्यांवर लढायचं. वहिनीने दुसरी वाट घेतली. म्हणाली, "लोकांच्या करातून माझे फोटो छापायचे? त्यात दिव्यांचा एक खांब येईल."

"झकास," अण्णा म्हणाला. "आपले पैसे, आपली निवडणूक. विचारणारं कोण?"

मलाही तसंच वाटलं होतं. मग निवडणूक कार्यालयातून नियमांची पुस्तिका आली, चव्वेचाळीस पानांची. विचारणारे बरेच होते. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेलाय, म्हणून वहिनीने मला धरलं होतं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, रक्तदाबाच्या मशीनशेजारी उभी राहून मी ती पुस्तिका संपवली. देणगी देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय लिहायचा. एका माणसाकडून ठरावीक रकमेच्या वर काही घ्यायचं नाही. वस्तू किंवा सेवा फुकट मिळाली तरी बाजारभावाने तिची किंमत लावून तीही देणगीच धरायची. आणि ज्याचं नगर परिषदेशी कंत्राट आहे त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, टाचणीसुद्धा.

हे शिकवायला कार्यालयाने एक वर्गही घेतला. शिकवणारे खर्च तपासणीस, एक सडपातळ गृहस्थ, त्यांच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. वहिनीचं सगळं लक्ष त्या काडीवर. वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "साहेब, द्या इकडे, एका स्क्रूचं काम आहे." त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा घट्ट धरला आणि म्हणाले, "निकालानंतर, बाई."

आमचं कार्यालय म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंची बाहेरची खोली, संध्याकाळी सहानंतर. मी तिचं भाडं ठरवून देणगी म्हणून लिहिलं तेव्हा बाई चिडल्याच. "माझ्या या मोडक्या खुर्च्यांचं भाडं?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही आम्हाला खुर्च्या दिल्यात, आम्ही तुम्हाला पावती देतोय. तोंड उघडा आणि हो म्हणा." ते त्यांना पटलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. निवडणुकीला पाच आठवडे राहिले असताना एका सकाळी वहिनीच्या दुकानासमोर टेम्पो उभा राहिला आणि ड्रायव्हरने बारा गठ्ठे उतरवले. मीही बघायला गेले.

वहिनीने वरचा गठ्ठा सोडला. पोस्टर होती. जाड, मऊ कागद, उजेड पडला तरी न चमकणारा. फोटो छोटा, अक्षरं मोठी. 'रस्ता सगळ्यांना ओलांडता यावा.' खाली दुकानाचा फोन नंबर, इतका ठळक की चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता यावा. गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती, 'किती झाले विचारू नकोस. दादा.'

वहिनीने त्या कागदावरून हात फिरवला, मग पाठमोरी होऊन चष्मे पुसायच्या कापडाने डोळे पुसले.

दादा हा तिचा थोरला भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा छापखाना आहे. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, वहिनीकडेच, म्हणजे आमच्याच घरी. दादांनी काही कमी केलं नाही. वर-खाली होणारी खाट पाठवली, चाकांची खुर्ची पाठवली, दिवसाची नर्स, रात्रीची नर्स, सगळ्यांचे पैसे वेळेवर. ते स्वतः मात्र दोन वर्षांत चार-पाचदा आले असतील, आणि तेव्हाही दारातूनच. आई गेल्या त्या आठवड्यात ते वहिनीला म्हणाले, राहिलेली बिलं पाठव. वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "आईने तुझ्याकडे बिलं कधी मागितली? ती तुला मागत होती." तिथून जे थांबलं ते थांबलं.

त्यामुळे हे पोस्टर काय आहे ते मला न सांगताच कळलं. सगळ्यात खाली, नियमाप्रमाणे, बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. ते मी दोनदा वाचलं. हे नाव मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते दुकानात जाऊन यादी उघडल्यावर कळलं. पुस्तिकेबरोबर आलेली नगर परिषदेच्या कंत्राटदारांची यादी, अकरावं पान. शहरातल्या घराघरांत जाणारी पाण्याची बिलं दादा छापत होते.

दुपारी दोन वाजेपर्यंत मी गप्प बसले. मग जाऊन वहिनीला सांगितलं.

अण्णा डबा खायला आला होता, तो म्हणाला, "कुणाला कळणार आहे?"

"पोस्टरवर छापलंय, अण्णा. चारशे भिंतींवर लागणार आहे."

"सख्खा भाऊ आहे तिचा!"

"पुस्तिकेत सख्खा-चुलत असा रकाना नाही."

अण्णाने डबा बंद केला. "तू आमची खजिनदार आहेस की त्यांची?"

"परत करता येतील का?" वहिनीने विचारलं.

"येतील. किंवा बाजारभावाने सगळे पैसे चुकते करायचे, दहा दिवसांत. पण मग खात्यातले निम्म्याच्या वर जातील. शेवटच्या आठवड्यात घरोघरी पत्र पाठवायचं ठरवलंय, ते होणार नाही."

वहिनीने पोस्टरची घडी सरळ केली. "सहा वर्षांनी त्याने काहीतरी पाठवलं आणि मी टेम्पो परत पाठवू?" मग ते गठ्ठ्यावर ठेवून, "पैसे देऊ. आणि ते सांगायला मी जाईन. वन्सं, तूही चल. ती पुस्तिका घे."

मला वन्सं ती फक्त दोनच वेळा म्हणते, चिडवताना आणि घाबरलेली असताना.

दुसऱ्या दिवशी आम्ही छापखान्यात गेलो. आत शिरताच शाईचा आणि तापलेल्या यंत्राचा वास आला. भिंतीला लागून कागदाची रिमं रचलेली, मधोमध लांबलचक मशीन खडखडत होतं आणि त्याच्या टोकाला दादा ओल्या छपाईवर भिंग धरून वाकलेले. बहिणीला बघून सरळ झाले. चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"पोचले ना?" ते मशीनच्या आवाजावरून ओरडून म्हणाले. "कागद कसा आहे?"

"फार सुंदर आहे," वहिनीही ओरडली. "दादा, बिल दे."

"काय?"

"बिल! पोस्टरचं बिल दे!"

दादांनी हात वर करून मशीन बंद करायला लावलं. एकदम शांतता झाली आणि कामाला असलेली दोन माणसं आमच्याकडे बघायला लागली. दादांचा चेहरा विझला होता.

"म्हणजे अजून तेच," ते म्हणाले. "अजून बिलंच."

"तसं नाही रे—"

"मग कसं?"

वहिनीने माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे बोट दाखवलं. मग मीच पुस्तिका उघडली आणि सगळं समजावून सांगितलं. पाण्याची बिलं, यादी, अकरावं पान. ते ऐकत होते आणि लाल होत होते.

"सख्ख्या बहिणीला काही द्यायचं तर मी नगर परिषदेला विचारायचं?"

"विचारूनही चालणार नाही, दादा. द्यायचंच नाही."

"कमी दरात?"

"सूट म्हणजेसुद्धा देणगी."

"कागद तिचा, मशीन माझं?"

"मशीनचे तास मोजावे लागतील."

"माझी माणसं पाठवतो, पोस्टर चिकटवायला."

"त्यांचा पगार तुम्ही देता. तेही नाही."

"मग मी देऊ काय शकतो?" ते जवळजवळ ओरडलेच. "आहे काही त्या पुस्तकात, का नुसतं नाही-नाहीच आहे?"

मी पानं उलटली. उत्तर एकतिसाव्या पानावर होतं. मी मोठ्याने वाचलं, "व्यक्तीने कामाच्या तासांबाहेर, मोबदला न घेता, स्वतः दिलेला वेळ ही देणगी समजली जाणार नाही. त्याची नोंद आवश्यक नाही."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. वहिनी खाली फरशीकडे बघत होती. दादांनी भिंग खिशात घातलं, परत काढलं, टेबलावर ठेवलं.

"वेळ," ते म्हणाले. मग बिलाची वही ओढली आणि पेन असं दाबून लिहायला लागले की खालच्या तीन पानांवर उमटावं.

बिल मी बघितलं. "दादा, हे कमी आहे."

"काय कमी आहे?"

"दर. मी सकाळी दोन छापखान्यांतून भाव घेतलेत. हा कागद, हा आकार, तुम्ही पंचवीस टक्के कमी लावलंय. आणि टेम्पोचं भाडं लिहिलेलंच नाही. बिल वाढवून द्या."

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "खजिनदारबाई, तीस वर्षं धंद्यात आहे. बिल वाढवून मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. दोघा कामगारांपैकी एक असेल असं मला वाटलं. ती वहिनी होती. ओढणी तोंडाला लावून ती हसत होती, थांबतच नव्हती. दादांनी तिच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण तो फार वेळ टिकला नाही. दुसरं बिल त्यांनी जरा हलक्या हाताने लिहिलं. आम्ही चेक दिला, पावती घेतली. निघताना त्यांनी चहाचं विचारलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा प्यायला हरकत नाही. उमेदवाराला नका पाजू, बहिणीला पाजा." तो चहा मी कुठेही लिहिलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण पत्रकांच्या घड्या घालत होतो. दार उघडलं आणि दादा आत आले. स्वच्छ शर्ट, पण बूट छापखान्यातले, शाईचे थेंब पडलेले.

"सहा वाजले," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "कामाचे तास संपले माझे. काय करू?"

मी पत्रकांचा ढीग पुढे सरकवला. त्यांनी खिशातून एक गुळगुळीत लाकडी पट्टी काढली आणि घड्या घालायला लागले. आमच्या दोन होईपर्यंत त्यांच्या सात. मी पट्टीकडे बघतेय हे बघून म्हणाले, "हिचं भाडं लावणार का?"

"विचार करतेय," मी म्हटलं.

त्यानंतर ते दर शनिवारी आले, मग मधल्या वारीही यायला लागले. दोनशे पत्रकं एका बैठकीत संपवायचे. पण दारोदार जायला मात्र तयार नव्हते. म्हणायचे, मला लोकांशी बोलता येत नाही, मी कागदाचा माणूस. शेवटी घरोघरचं पत्र रद्द झालंय आणि आता पायांनीच पोचायचंय हे कळल्यावर ते मुकाट्याने उठले. वहिनी बोलायची, ते मागे पत्रकं घेऊन उभे. हळूहळू तेही बोलायला लागले. एका घरी आजोबांनी विचारलं, "तुम्ही कोण?" तर म्हणाले, "मी हिचा भाऊ. मला काही द्यायची परवानगी नाही, म्हणून नुसता हिंडतो."

एका संध्याकाळी ती दोघं पलीकडच्या इमारतींतून परत येत होती. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. हिरवा दिवा लागला, दोघं निघाली. दादांचे गुडघे गेलेत हे मला तेव्हाच कळलं. दुभाजकापर्यंत पोचेतो लाल झाला. दोन्हीकडून गाड्या सुरू झाल्या आणि बहीण-भाऊ त्या हातभर रुंद पट्टीवर अडकली. मी बघत होते. दादा काहीतरी बोलत होते, मान खाली घालून, बराच वेळ. वहिनी ऐकत होती. पुन्हा हिरवा लागला तरी दोघं हलली नाहीत. त्यानंतरचाही गेला. तिसऱ्याला वहिनीने त्यांचा हात धरला आणि सावकाश इकडे आणलं, अकरा सेकंद संपल्यावरही, एका टॅक्सीवाल्याला हाताने थांबवून.

ते काय बोलले ते वहिनीने मला नंतर सांगितलं. दादा म्हणाले होते, "आईच्या खोलीत मला बसवत नव्हतं. दाराशी आलो की पाय जड व्हायचे. मग काहीतरी पाठवायचो. ते पोचलं असा फोन आला की त्या दिवसापुरतं सुटल्यासारखं वाटायचं."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, खाट चांगली होती रे. आईला ती वर-खाली करायला फार आवडायचं."

निवडणुकीत वहिनी सत्त्याऐंशी मतांनी पडली. एक निवृत्त फुटबॉल पंच निवडून आले. मोजणी संपली तेव्हा अण्णा बाहेरच्या बाकावर बसून हळूच म्हणाला, "ते पत्र गेलं असतं तर?" त्याला मला टोचायचं नव्हतं, पण लागलं. तो हिशेब मीही मनात केला नव्हता असं नाही. मी वहिनीला तसं बोलूनही दाखवलं.

"गेलं असतं तर कदाचित निवडून आले असते," ती म्हणाली. खोटा धीर देण्याचा तिचा स्वभाव नाही. "पण पोस्टर फुकट घेतली असती तर दादा पाठवून मोकळा झाला असता. तो आला असता का?" मग माझा खांदा दाबून म्हणाली, "चल, भूक लागलीय."

चारच दिवसांनी पंच दुकानात आले. प्रचाराच्या सभेत वहिनीने सगळ्यांसमोर त्यांच्याकडून दिव्याचं वचन घेतलं होतं. शिट्टी वाजवायची सवय असलेला माणूस, शब्दाचा पक्का. वहिनीने चार वर्षांच्या अर्जांचं बाड त्यांच्यापुढे ठेवलं. अडीच महिन्यांनी दिवा चोवीस सेकंदांचा झाला. उद्घाटनाला पंच बोलले, फोटोही त्यांचाच आला. अण्णा धुमसत होता. वहिनी म्हणाली, "घेऊ दे रे श्रेय. रस्ता ओलांडता येतोय ना?"

माझा शेवटचा अहवाल पहिल्याच फेरीत मंजूर झाला. तपासणीसांनी एकच शंका काढली होती, मूळ बिल कमी असताना तुम्ही जास्त रक्कम का दिलीत? मी दोन पानी उत्तर लिहिलं. ते स्वतः दुकानात येऊन म्हणाले की असं उत्तर त्यांच्या नोकरीत पहिलंच. वहिनीने त्यांच्या चष्म्याला नवी काडी बसवली आणि पूर्ण पैसे घेतले. त्यांनी पावतीही मागून घेतली.

प्रचार संपला तरी दादांचे शनिवार चालूच राहिले. घालायला घड्या नसतात, हिंडायला घरं नसतात. ते वहिनीच्या दुकानात येतात, बसतात, अण्णाशी कशावरूनही वाद घालतात, काचेच्या कपाटातल्या फ्रेमना उगाच नावं ठेवतात. मागच्या शनिवारी वहिनी म्हणाली, "दादा, डोळे तपासू या तुझे. भिंग लावून लावून वाचतोस." त्यांनी आढेवेढे घेतले, पण आतल्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी दारात उभी होते. वहिनी भिंगं बदलत होती. "हे बरं की हे? हे बरं की हे?" पहिल्या काही वेळा त्यांनी उत्तरं दिली. मग उत्तर येईना. वहिनीने वाकून बघितलं.

दादा झोपले होते. खुर्चीत मान मागे टाकून, तोंड जरा उघडं, हात मांडीवर मोकळे.

वहिनीने त्यांच्या नाकावरची ती जड चौकट अलगद काढली, अक्षरांच्या फलकामागचा दिवा बंद केला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. मला खुणेने म्हणाली, दुकानावर लक्ष ठेव. मी पुढे येऊन गल्ल्यापाशी बसले. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना म्हटलं, अर्ध्या तासाने या.